पाण्यात सोबतीला

शैलजानं ह्यांच्या गळ्यावर दोन बोटं टेकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत ठोके मोजायला लागली. हे छातीभर पाण्यात उभे, मान किंचित वर केलेली, डोळे मिटलेले. मी वर पोहायच्या टँकच्या पायऱ्यांवर बसले होते, मांडीवर ह्यांचा टॉवेल घेऊन.

"जास्त झालेत," ती म्हणाली. "थांब जरा. बोलू नकोस."

"अगं, मला काही होत नाहीये."

"जिन्या, गप्प राहा म्हटलं ना."

आणि हे गप्प राहिले! मी जन्मभर सांगत आले, सावकाश जेवा, रात्री वर्कशॉपवर बसू नका, छातीत दुखतं तर दाखवून या. एक कधी ऐकलं नाही. आणि ही म्हणाली गप्प राहा, तर हे शाळेतल्या पोरासारखे गप्प.

माझे यजमान जिनेंद्र चौगुले. सांगलीत शेतीपंपाच्या मोटरी दुरुस्त करायचं त्यांचं वर्कशॉप होतं. सगळं गाव त्यांना चौगुले शेठ म्हणायचं, मी 'अहो' म्हणायची. जिन्या म्हणणारी एकटी शैलजा ताम्हनकर. मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका, लग्न न केलेली. कॉलेजात असल्यापासून दोघं कृष्णेत पोहायचे. पावसाळा सोडला तर वर्षभर पहाटे घाटावर पोहणाऱ्यांचा एक जथा जमायचा, त्यात ही दोघं. मी सून होऊन आले तेव्हापासून ते बघत होते, आणि तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर थोडं वाटायचं.

आदल्या हिवाळ्यात हे पोहून घाटावर आले, पायऱ्या चढले आणि कोसळले. हृदय बंद पडलं होतं. शैलजानं त्यांना तिथंच दगडावर उताणं केलं आणि अँब्युलन्स येईपर्यंत छाती दाबत राहिली. एक बरगडी मोडली तरी थांबली नाही. मला निरोप आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर आरवाड्यांनी सांगितलं, "वेळेवर छाती दाबली म्हणून वाचले. नाहीतर आम्ही काही करू शकलो नसतो." मग नातेवाईक आले, शेजारी आले, वर्कशॉपवरची माणसं आली. जो येईल तो हेच म्हणायचा, "वहिनी, त्या ताम्हनकर बाईंचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत." मी मान हलवायची. बसदीतल्या, आमच्या जैन मंदिरातल्या, एका आजींनी तर माझ्यासमोर तिच्या पायाला हात लावला. त्या दिवशी मी घरी येऊन उगाचच सगळे डबे घासून काढले.

जिनं आपला नवरा परत आणून दिला तिच्यावर जळायचं कसं? जळता येत नाही, आणि जळणं थांबतही नाही.

ह्यांच्या हृदयाचे स्नायू जन्मतःच जाड होते म्हणे. पुन्हा तसं होऊ नये म्हणून गळ्याच्या डाव्या हाडाखाली, कातडीच्या आत एक यंत्र बसवलं. काड्यापेटीहून जरा मोठं. ठोके बेताल झाले की ते आतूनच झटका देतं आणि हृदय ताळ्यावर आणतं. दवाखान्यातून सुटताना हे पहिलं काय विचारते झाले असतील?

"डॉक्टर, पोहता येईल का?"

मला वाटलं, डॉक्टर हाकलून देतील. पण आरवाडे शांतपणे म्हणाले, "आत्ता नाही. जखम नीट भरू दे, तोवर डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. मग चालणं. मग ट्रेडमिलवर तपासणी करू, यंत्र किती ठोक्यांना जागं होतंय ते बघू, त्याच्या बरंच खाली राहायचं. तेवढं जमलं तर टँकमध्ये उतरा. नदी विसरा. छातीभर पाणी, त्याच्या पुढं नाही. आणि एकटं तर कधीच नाही. पाण्यात झटका बसला तर क्षणभर शुद्ध जाऊ शकते. तेव्हा धरायला कुणीतरी पाण्यातच हवं, काठावर नाही." मग ते माझ्याकडं वळले. "तुम्ही पोहता?"

मी जत तालुक्यातली. आमच्या गावाला पाणी टँकरनं यायचं, तेही आलं तर. मला टँकर माहीत, टँक नाही.

"नाही," मी म्हटलं.

"मग कोण?"

"शैला आहे की," हे म्हणाले. मधे श्वास घेण्याइतकाही वेळ गेला नाही.

तर असं ते टँकवर सुरू झालं. आठवड्यातून तीन सकाळी. मी प्रत्येक वेळी गेले. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर होती, घरी कुणी वाट बघणारं नव्हतं. ह्यांना वाटायचं मी काळजीपोटी येते. शैलजा म्हणायची, "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता? मी आहे ना." म्हणूनच तर यायचे मी.

ती कामात चोख होती, त्यात मला खोट काढता येत नव्हती. हे एक आडवी फेरी पोहायचे, ती शेजारून पाण्यात चालायची, हात त्यांच्या पोटाखाली, पण लागू न देता. फेरी झाली की ठोके. ठोके उतरले की दुसरी. कुठं दुखलं, कुठं चक्कर आली, डावा खांदा ओढतो का, सगळं विचारायची. आणि हे सगळं सांगायचे! मला घरी विचारल्यावर "बरंय" एवढंच. छातीत धडधडतं ते मला पायऱ्यांवर बसून कळायचं, तिला सांगताना कानावर पडायचं म्हणून.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी ते झालं. हे उसळत्या अंगानं पोहत होते, मजेत होते. अर्ध्या फेरीत त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, कुणी छातीत लाथ घातल्यासारखा. सगळं अंग एकदा उडालं आणि ते पाण्याखाली गेले.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. शैलजानं त्यांना वर ओढलं. आणि मग तिनं काय केलं? काही नाही. दोन्ही हातांनी मिठी मारली, त्यांचं डोकं आपल्या खांद्यात घेतलं आणि तशीच उभी राहिली. डोळे मिटून, गाल त्यांच्या केसांना लावून. टँकवरचा जीवरक्षक दस्तगीर शिटी फुंकत उडी मारून आला, त्यानं तिचे हात सोडवले तेव्हा कुठं तिनं सोडलं.

हे शुद्धीवर होते. काठावर आडवे केल्यावर म्हणाले, "झटका बसला. लई जोराचा बसला." त्यांचे ओठ निळे पडले होते. मी त्यांच्या शेजारी बसले, हात धरला. हाताला ओल होती फक्त.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की यंत्रानं आपलं काम केलं, ठोके खरंच बेताल झाले होते. गोळी बदलू, यंत्राचं सेटिंग थोडं बदलू, थोडे दिवस थांबा, मग पुन्हा हळूहळू. मी बाहेर आले तर शैलजा ओल्या कपड्यांवर कुणाचीतरी शाल घेऊन बाकावर बसलेली. आपले तळवे बघत होती.

"माझ्या हातांना झिणझिण्या आल्या होत्या," ती म्हणाली. "झटका बसला तेव्हा त्याचं अंग माझ्या हातांवर आदळलं. डॉक्टर म्हणाले, धरणाऱ्याला लागतं थोडंसं. काही अपाय नसतो."

मी तिला घरी जायला सांगितलं. नीट बोलले असेन. पण रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात एकच होतं, की ह्यांच्या काळजातून निघालेलं ते जे काही होतं, ते हिच्या हाताला लागलं. मला नाही.

त्यानंतर ती आली नाही. फोनसुद्धा नाही. आणि ह्यांनीही टँकचं नाव काढलं नाही.

पहिले काही दिवस मी सुखात होते, हे कबूल करायला लाज कसली? हे घरी होते, माझ्या डोळ्यांपुढं होते. संध्याकाळी आम्ही अंगणात बसायचो. मी चुरमुऱ्यांना फोडणी द्यायची. मला वाटलं, झालं, सुटलो.

पण ह्यांचं काहीतरी बिनसलं होतं. वर्कशॉपचा जिना चढेनात. मोटर उचलायला माणसं होती, पण हे साधा पानासुद्धा दुसऱ्याला उचलायला सांगायचे. चालायला जाऊया म्हटलं की "उद्या". आंघोळीला गेले की दार उघडं ठेवायचे, आणि तांब्यानं पाणी अंगावर घेताना दचकायचे. एकदा मी दारात उभी राहून बघितलं. एक तांब्या घ्यायचा, थांबायचं, छातीवर हात ठेवायचा, वाट बघायची. ज्या माणसानं जन्मभर कृष्णेचं पाणी अंगावर घेतलं तो बादलीला भ्याला होता.

"पुन्हा झटका बसेल असं वाटतं?" मी विचारलं.

"कधीही बसेल. आत्ता, इथंसुद्धा," ते म्हणाले. "त्रिशला, तुला नाही कळायचं. आपल्याच अंगात कुणीतरी टपून बसलंय."

पुढच्या तपासणीला डॉक्टर आरवाडे माझ्याकडं बघून म्हणाले, "यंत्र उत्तम चाललंय. माणूस थांबलाय. यांना हलवा. यांचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा कुणाला तरी सांगा."

ते 'कुणीतरी' कोण, हे मला न विचारताच माहीत होतं. आठ-दहा दिवस मी ते टाळलं. मग एका दुपारी शाळा सुटायच्या वेळेला मुलींच्या शाळेवर गेले.

शैलजा मैदानाच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. मला बघून उठली नाही.

"तुम्ही येत का नाही?" मी उभ्याउभ्याच विचारलं. "हे बसून राहिलेत. डॉक्टर म्हणतात, हलायला हवं. तुमचं ऐकतात ते. माझं नाही ऐकत."

"मी नाही येणार, वहिनी."

"राग आलाय का माझा?"

"बसा," ती म्हणाली. मी बसले. "त्या दिवशी तुम्ही वर होता. काय बघितलंत?"

"सगळं बघितलं."

"मग सांगा, माझं काय चुकलं?"

मला वाटलं, आता ही माफी मागणार.

"त्याला उताणं करायला हवं होतं," ती म्हणाली. "हनुवटी वर, तोंड पाण्याबाहेर, आणि मोठ्यानं हाक. मी दर वर्षी पोरींना शिकवते हे. मी त्यातलं काहीसुद्धा केलं नाही. आवळून उभी राहिले. त्याचं नाक-तोंड माझ्या खांद्यात दबलं होतं. दस्तगीर आला नसता तर यंत्रानं वाचवलेला माणूस मी मारला असता."

"घाबरला असाल."

"घाटावर कुठं घाबरले होते? तिथं तो गेलेलाच होता. मी हिशोबानं छाती दाबत होते. टँकमध्ये तो माझ्या हातात जिवंत होता, आणि माझं डोकंच चालेना." ती नाडीची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागली. "जिचं डोकं चालत नाही तिनं त्याच्यासोबत पाण्यात उतरू नये. म्हणून येत नाही."

मैदानावरून मुली निघून गेल्या होत्या. इतक्या वर्षांचं तोंडाशी आलेलं मी बोलून टाकलं.

"तुमच्यात आणि ह्यांच्यात काय होतं?"

"आमच्यात काही नव्हतं," ती म्हणाली. "माझ्यात होतं."

ती मैदानाकडं बघत सांगायला लागली.

"एक दिवस पोहून वर आलो, तर म्हणाला, शैला, उद्या जतला मुलगी बघायला चाललोय, कुठला शर्ट घालू? मी म्हटलं, आकाशी घाल."

तो आकाशी शर्ट मला आठवत होता. मला तो फार आवडला होता.

"त्यांना ठाऊक आहे?"

"जिन्याला? तो मोटरी उघडून बघतो, वहिनी. माणसं नाही." ती हसली. "त्याला कळू देऊ नका. आणि दुसरं कुणीतरी बघा सोबतीला."

"दुसऱ्या कुणासोबत उतरणार नाहीत ते."

"मग तुम्ही शिका."

"मी? या वयात? बुडून मरेन मी."

"मी शिकवते. उन्हाळ्यात बायकांची बॅच असते."

मी हो का म्हटलं, हे मला बरेच दिवस नीट सांगता आलं नसतं. ह्यांच्यासाठी म्हटलं असं लोकांना सांगितलं. पण त्या पायरीवर बसल्याबसल्या माझ्या मनात आलं होतं ते एवढंच, की ही जागा हिची आहे, आणि ही आपणहून ती सोडतेय, तर मी ती घेणार.

पूर्ण बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंत येणारा तो पोहायचा पोशाख घालून मी पहिल्या दिवशी बाहेर आले तेव्हा मला धरणी दुभंगली तर बरं, असं वाटत होतं. पाणी गार होतं आणि नाकात जायचं. बाकीच्या बायका माझ्याहून लहान. तोंड पाण्यात बुडवायलाच मला आठवडा लागला. मग शैलजा म्हणाली, "आता आडवी हो. पाठीवर."

तिनं तळवा माझ्या पाठीखाली धरला.

"अंग सोड." पाण्यात आल्यापासून ती मला 'तू' म्हणायला लागली होती, आणि मीही तिला.

"सोडलंय."

"लाकडासारखी आहेस. मान टाक मागं."

"तू हात काढशील."

"काढीन. कधीतरी काढायचाच आहे. आज नाही काढत."

जिच्यावर इतकी वर्षं जळले तिच्या तळहातावर मी आडवी होते, आणि तिनं ठरवलं असतं तर मी तळाला गेले असते. छताचे पत्रे दिसत होते. कानात पाणी. मी डोळे मिटून मान टाकली. सुटलं अंग. चांगलं वाटलं, आणि चांगलं वाटलं याचाही मला राग आला.

मला पोहता यायला लागल्यावर तिनं खरं शिक्षण सुरू केलं. "मी जिनेंद्र," ती म्हणायची. "मला झटका बसलाय. धर." आणि अंग टाकून पाण्याखाली जायची. मी तिला वर ओढायची, उताणी करायची, हनुवटीखाली हात द्यायची आणि दस्तगीरच्या नावानं ओरडायची. सुरुवातीला माझ्याकडून दर वेळी ती आवळली जायची.

"इतकं घट्ट नको," ती खोकत म्हणायची. "मी तेच केलं होतं. हातभर अंतरावर ठेव. पुन्हा."

तिचं डोकं माझ्या दंडावर यायचं. कानशिलावर पिकलेले केस. जवळून बघितलं तर थकलेली होती ती. पुन्हा म्हणायची, पुन्हा बुडायची. दमून मी थांबले तर ओरडायची. तिचं प्रेम किती होतं ते मला त्या टँकमध्ये कळलं, आणि माझा मत्सर कमी झाला म्हणावं तर तसं नाही. उलट आता त्याला काहीतरी खरं मिळालं होतं.

पावसाळा संपल्यावर मी ह्यांना टँकवर घेऊन गेले. आधी डॉक्टरांना विचारलं; नव्यानं तपासणी झाली, ठोके दाखवणारं मनगटी यंत्र घेतलं.

"मी नाही उतरणार," हे म्हणाले.

"नका उतरू. मी उतरते. तुम्ही बघत बसा."

मी पाण्यात गेले आणि ह्यांच्यासमोरून एक आडवी फेरी मारली. हात कसेही पडत होते, पण मी पोहत होते. पलीकडच्या काठाला लागून वळून बघितलं तर हे उभे राहिले होते.

"कधी शिकलीस?" ते ओरडले.

"उन्हाळ्यात. शैलजानं शिकवलं."

त्या दिवशी त्यांनी नुसते पाय बुडवले. पुढच्या खेपेला पायरीवर बसले, मग कमरेपर्यंत आले. प्रत्येक वेळी छातीवर हात. मी घाई केली नाही. आणि एका सकाळी माझ्याशी बोलताबोलता आडवे झाले आणि पोहायला लागले, सावकाश, तोंड वर ठेवून. मी शेजारून चालत होते, हात पोटाखाली, पण लागू न देता. वर पायऱ्यांवर शैलजा बसली होती, शाळेच्या मुलींची वाट बघत. ह्यांची फेरी पुरी झाली तेव्हा मी वर बघितलं, तर ती निघून गेली होती.

थोड्याच महिन्यांत तिनं संस्थेच्या रत्नागिरीच्या शाळेत बदली मागून घेतली. निरोपाला आम्ही दोघं गेलो. ह्यांनी तिला आपल्या हातानं दुरुस्त केलेला एक जुना टेबलफॅन दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. मला म्हणाली, "लक्ष ठेव." एवढंच.

परत येताना हे म्हणाले, "त्रिशला, एक कळत नाही. शैलानं आपल्यासाठी एवढं का केलं असेल?"

मी रस्त्याकडं बघत होते.

"शिक्षिका आहे ती," मी म्हटलं. "समोर कुणी आलं की शिकवायला लागते."

"हो, ते आहेच," हे म्हणाले.

त्यांना ते पटलं. आजवर पटलेलंच आहे.